सर्व्हर पुन्हा वर येईल ना?

लिनक्सच्या २.४ कर्नलपर्यंत ३२ बिटांच्या मशीनवर 'अपटाइम'चा आकडा ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर यायचा. कर्नल सेकंदाला शंभर ठोके मोजायचं आणि ३२ बिटांत तेवढेच ठोके मावायचे. हा काटा एकदा फिरून आलेला सर्व्हर ही तेव्हा ॲडमिन मंडळींची मिरवायची चीज होती. 'आमचा डेटाबेस सर्व्हर तीन वर्षं खाली आलेला नाही' असं कौतुकाने सांगणारे आजही भेटतात. ऐकणारा धंद्यात मुरलेला असेल तर त्याच्या पोटात गोळा येतो.

तीन वर्षं न थांबलेल्या मशीनबद्दल खात्रीने सांगता येतं ते इतकंच, की ते तीन वर्षांपूर्वी एकदा उठलं होतं. उठण्यासाठी ज्या वस्तू लागतात त्यांची चालू मशीनला गरजच नसते. कर्नल मेमरीत बसलेलं असतं, बूटलोडरचं काम पहिल्या काही सेकंदांत संपलेलं असतं, एफएसटॅब केव्हाच वाचून झालेली असते. '/बूट'मधलं सगळं पुसून टाकलं तरी वेबसाइट चालत राहते, मेल जात राहतात, मॉनिटरिंगचे दिवे हिरवेच राहतात. मोडतोड कळते ती पुढच्या रीबूटला. आणि तो रीबूट बहुधा आपण निवडलेल्या वेळी होत नाही. यूपीएस बसतो, वीज जाते, नाहीतर क्लाउडवाल्याला नेमकं त्याच रात्री खालचं हार्डवेअर बदलायचं असतं.

पॅच लावणं, डिस्क जोडणं, जुन्या फाइली उडवणं या रोजच्या कामांत मशीनची उठण्याची ताकद कुठे कुठे गुपचूप जाते आणि ती राखण्याचे कोणते उपाय लोकांनी काढले, याचा हा आढावा. माझा पक्ष आधीच सांगतो. मशीन उठेल की नाही हे उठवून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि ते पाहणं टाळण्याकडेच आमच्या धंद्याचा कल राहिला आहे.

बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत चार-पाच जण एकमेकांच्या हाती काम सोपवत जातात. फर्मवेअर बूटलोडर शोधतं. बूटलोडर कर्नल आणि इनिट्रामएफएस मेमरीत आणतो. इनिट्रामएफएस खरी रूट फाइलसिस्टिम हुडकून जोडतं. मग पीआयडी १, म्हणजे आजकाल बहुतेक ठिकाणी सिस्टिमडी, बाकीच्या सेवा उठवतं. प्रत्येकाला पुढच्याचा पत्ता ठाऊक असावा लागतो आणि हे पत्ते निरनिराळ्या जागी लिहिलेले असतात: कुठे डिस्कवरचा सेक्टर, कुठे यूयूआयडी, कुठे फाइलचा पाथ, कुठे मदरबोर्डवरच्या चिपमधली नोंद. देखभालीच्या ओघात यातला एखादा पत्ता बदलतो आणि तो ज्याच्याकडे लिहिलेला आहे त्याला कोणी कळवत नाही. मशीन वर न येण्याच्या बहुतेक कहाण्या या एकाच वळणाच्या निघतात.

लिलोच्या काळात हे अगदी उघड्यावर होतं. पीसीच्या डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ६४ पार्टिशन टेबलला आणि दोन सहीला गेले की प्रोग्रामला उरतात ४४६. एवढ्यात फाइलसिस्टिम वाचण्याची अक्कल मावत नाही, म्हणून लिलो कर्नलची फाइल डिस्कच्या कोणकोणत्या ब्लॉकांवर पडली आहे त्याची यादीच करून ठेवायचा. '/बूट'मधल्या फाइली बदलल्या किंवा हलल्या, की नावं तीच राहिली तरी ब्लॉक वेगळे. मग 'लिलो' ही आज्ञा पुन्हा चालवायला विसरलात की पुढच्या बूटला पडद्यावर कधी 'एल', कधी 'एलआय' एवढंच उमटून मशीन थिजायचं. एकेक टप्पा पार करताना लिलो स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर छापायचा, त्यामुळे किती अक्षरं आली यावरून दुखणं कुठे आहे ते कळायचं. इतका प्रांजळ बूटलोडर पुन्हा झाला नाही.

एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये जीएनयू हर्डसाठी लिहायला घेतलेला ग्रब लिनक्सवर रुळला तो याच कारणाने. त्याला फाइलसिस्टिम वाचता येते, त्यामुळे ब्लॉकांच्या यादीची कटकट गेली. निदान गेली असं वाटलं. प्रत्यक्षात ग्रबचे दोन तुकडे असतात. एक लहानसा गाभा, जुन्या बायोस पद्धतीत पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत लिहिलेला. दुसरा, '/बूट/ग्रब'मधली मॉड्युलं आणि मेनूची फाइल. पॅकेज अपडेट झालं की दुसरा तुकडा नवा होतो. पहिला नवा होतो तो 'ग्रब-इन्स्टॉल' चालवल्यावर, आणि तोही योग्य डिस्कवर चालवल्यावर. ही फट किती महागात पडते ते दोनदा जगजाहीर झालं.

पहिली वेळ २०२० ची. जुलैअखेर 'बूटहोल' नावाची ग्रबमधली त्रुटी जाहीर झाली आणि सगळ्या डिस्ट्रोंनी घाईने पॅच काढले. डेबियन आणि उबुंटूची बरीच मशीनं रीबूटनंतर 'ग्रब रेस्क्यू'च्या काळ्या पडद्यावर अडकली. तक्रार एकच: 'ग्रब_कॅलॉक' नावाचं चिन्ह सापडत नाही. नव्या मॉड्युलांना गाभ्यात एक नवं फंक्शन हवं होतं आणि डिस्कवरचा गाभा जुनाच होता. तो जुना का राहिला? पॅकेजने 'ग्रब-इन्स्टॉल' चालवलं होतं खरं, पण कोणत्या डिस्कवर लिहायचं याची नोंद इन्स्टॉलेशनच्या दिवसाची होती. मधल्या काळात डिस्क बदललेली, किंवा एका इमेजवरून मशीनं क्लोन केलेली. नोंदीतली डिस्क अस्तित्वात नव्हती किंवा तिच्यावरून मशीन उठतच नव्हतं. त्याच आठवड्यात रेड हॅट आणि सेंटओएसचीही मशीनं वर येईनात. तिथला दोष वेगळा, 'शिम' या पहिल्या टप्प्याच्या प्रोग्रामचा. पण ज्यांनी सुरक्षेचा पॅच इमानदारीने लगेच लावला तेच आडवे झाले, हे दोन्हीकडे सारखं.

दुसरी वेळ ऑगस्ट २०२२ ची, आर्च लिनक्सवर. या खेपेला मेनूच्या फाइलीत एका आज्ञेला नवा पर्याय जोडला गेला, तो पर्याय जुन्या गाभ्याला ठाऊक नव्हता. पॅकेज आलं, मेनू नव्याने लिहिला गेला, गाभा जुनाच राहिला. आर्चने मागाहून सूचना काढली की ग्रबचं पॅकेज अपडेट झालं की मेनू आणि गाभा दोन्ही नव्याने करा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिलोवाले हेच सांगत होते.

या फटीचं सगळ्यात कपटी रूप दिसतं दोन डिस्कांच्या आरशात, म्हणजे सॉफ्टवेअर रेड १ मध्ये. दोन डिस्क, दोन्हींवर सारखाच डेटा, एक गेली तरी दुसरी आहे म्हणून सगळे निर्धास्त. रेड मात्र पार्टिशनांचा असतो. ग्रबचा गाभा पार्टिशनांच्या बाहेर असतो आणि इन्स्टॉलरने तो कित्येकदा पहिल्याच डिस्कवर लिहिलेला असतो. चार वर्षांनी पहिली डिस्क मरते. मशीन चालूच राहतं, रेडने आपलं काम चोख केलेलं असतं. मग डिस्क बदलायला मशीन बंद करतात. सगळा डेटा शाबूत, आणि उठवायला कोणी नाही. यूईएफआय आल्यावर हा प्रश्न मिटायला हवा होता. उलट ईएसपी हे पार्टिशन साध्या फॅट फाइलसिस्टिमचंच असावं लागतं आणि फर्मवेअरला रेड कळत नाही, त्यामुळे दुसऱ्या डिस्कवर तिची प्रत ठेवणं हे अजूनही ॲडमिनच्या डोक्यावरच आहे. उपाय एका ओळीचा आहे: दुसऱ्या डिस्कवरही 'ग्रब-इन्स्टॉल'. पडताळाही सोपा आहे: एक दिवस ठरवून पहिली डिस्क काढा आणि मशीन चालू करा. हा पडताळा घेणारे फार थोडे.

आता भरलेली '/बूट'. हे दुखणं इतकं सामान्य आहे की ते जवळून पाहायला हवं. समजा उबुंटूचा एक सर्व्हर आहे, डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणून '/बूट' वेगळी आणि लहान, ५१२ एमबीची. दर कर्नल अपडेटला तीन-चार फाइली येतात. त्यातली इनिट्रामएफएस सगळ्यात जड, फर्मवेअर आणि मॉड्युलं धरून सहज शंभर एमबीच्या घरात. जुनी कर्नलं आपोआप काढायची सोय असते, पण कोणी ती बंद केलेली असते, किंवा हाताने घातलेल्या कर्नलांना ती शिवत नाही. पाचव्या अपडेटला कर्नलची फाइल मावते आणि इनिट्रामएफएस लिहिताना जागा संपते. पडद्यावर 'डिव्हाइसवर जागा नाही' असा संदेश येतो. अपडेट रात्री आपोआप होत असेल तर तो लॉगमध्ये जाऊन पडतो. कधी मेनूत नवं कर्नल पहिल्या नंबरावर लागतं आणि त्याच्या नोंदीत इनिट्रामएफएसची ओळच नसते. पुढच्या बूटला कर्नल सुरू होतं, रूट शोधतं आणि पॅनिक होतं: रूट फाइलसिस्टिम जोडता येत नाही, अनोळखी ब्लॉक शून्य, शून्य.

हा संदेश पाहून माणसं डिस्क गेली असं समजतात आणि बॅकअप शोधायला लागतात. खरं तर ग्रबच्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन आधीचं कर्नल निवडलं की मशीन उठतं. तिथून जुनी कर्नलं पॅकेज मॅनेजरकडूनच काढायची. घाईत 'आरएम' चालवून फाइली उडवल्या की पॅकेजांच्या नोंदी आणि डिस्क यांचं जमेनासं होतं आणि पुढचं अपडेट आणखी गुंतागुंत करतं. सध्या चालू असलेलं कर्नल कोणतं हे 'यूनेम -आर'ने आधी पाहायचं, आणि एक जुनं पण चाललेलं कर्नल नेहमी हाताशी ठेवायचं. रेड हॅटच्या कुळात डीएनएफ मुळातच तीन कर्नलं ठेवतं. जागा वाचवायला जुनी सगळी काढून एकच कर्नल ठेवणाऱ्याने स्वतःचा परतीचा रस्ता बंद केला असं समजावं.

इनिट्रामएफएसचं आणखी एक प्रकरण आहे. रेड हॅटकडे ड्रॅकट त्या मशीनपुरतीच इमेज बनवतो, म्हणजे आत्ता जे हार्डवेअर दिसतं त्याचेच ड्रायव्हर आत घालतो. इमेज आटोपशीर होते. पण तेच मशीन उचलून व्हर्च्युअल केलं, किंवा क्लाउडवर जुन्या झेनच्या इन्स्टन्सवरून एनव्हीएमई डिस्क दाखवणाऱ्या नव्या पिढीवर नेलं, की आत ड्रायव्हर नाही, डिस्क दिसत नाही, आणि ड्रॅकट थोडा वेळ वाट पाहून आणीबाणीच्या शेलमध्ये सोडून देतो. स्थलांतराच्या आधी, जुन्या जागी मशीन धडधाकट चालू असतानाच, सगळे ड्रायव्हर घालून इमेज पुन्हा बनवायची आणि 'एलएसइनिटआरडी'ने आत काय काय आहे ते वाचून पाहायचं. हे काम पाच मिनिटांचं आहे. नंतर करायचं तर रात्र जाते.

एफएसटॅबवर स्वतंत्र पुस्तक निघेल. एका ओळीत सहा रकाने असलेली ही फाइल युनिक्सच्या जुन्या दिवसांपासून चालत आली आहे आणि आजही एका चुकीच्या अक्षराने सर्व्हर आडवा करते. एक ओळ घेऊ: पहिल्या रकान्यात '/डेव्ह/एसडीबी१', दुसऱ्यात '/डेटा', तिसऱ्यात 'एक्सटी४', चौथ्यात 'डिफॉल्ट्स', मग '० २'. वरवर निर्दोष. पण 'एसडीबी' हे नाव डिस्कला कायमचं मिळालेलं नाही. आणखी एक डिस्क जोडली किंवा कंट्रोलरचा क्रम बदलला की तीच डिस्क 'एसडीसी' होते. म्हणून तिथे यूयूआयडी हवा. दुसरं, चौथ्या रकान्यात 'नोफेल' नाही. सिस्टिमडी अशा डिस्कची ९० सेकंद वाट पाहतं आणि ती आली नाही तर पूर्ण मशीन इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन रूटचा पासवर्ड मागतं. जुने इनिट इथे कुरकुर करत का होईना, पुष्कळदा पुढे जायचे. बॅकअपची एक बाहेरची डिस्क जोडलेली नव्हती म्हणून सगळा सर्व्हर अडून बसणं हे सिस्टिमडीच्या काळातलं नेहमीचं दृश्य. त्यातून उबुंटूवर रूटचं खातं कुलूपबंद असतं, त्यामुळे पासवर्ड मागायचीही सोय नसते. कन्सोल उघडता येत नाही एवढंच ते सांगतं.

ओळ लिहून झाली की 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवायचं. मग ती डिस्क 'यूमाउंट' करून 'माउंट -ए'ने परत जोडायची. हाताने माउंट केलेली डिस्क तशीच ठेवून 'दिसतेय की' म्हणणारे पुष्कळ. ती आपण टंकलेल्या आज्ञेमुळे दिसतेय, फाइलमुळे नाही. आयपी ॲड्रेस, फायरवॉलचे नियम, कर्नलची सेटिंगं या सगळ्यांची गत हीच. चालू मशीनवर दिलेली आज्ञा रीबूटबरोबर जाते. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत बदल रीबूटनंतर टिकला पाहिजे ही अट असते. पुण्या-मुंबईच्या क्लासांतून ही परीक्षा देणारी मुलं एफएसटॅबची ओळ लिहून झाली की सवयीने रीबूट करून पाहतात. नोकरीला लागल्यावर तीच मुलं ही सवय विसरतात, कारण तिथे रीबूटला परवानगी लागते.

त्याच परीक्षेतला रूट पासवर्ड बदलण्याचा धडा घ्या. कर्नलच्या ओळीत 'आरडी डॉट ब्रेक' घालून इनिट्रामएफएसमध्ये थांबायचं, रूट लिहिण्याजोगी जोडून पासवर्ड बदलायचा आणि '/.ऑटोरीलेबल' ही रिकामी फाइल ठेवायची. ती विसरलं की पासवर्डच्या फाइलीवर एसईलिनक्सचं लेबल चुकीचं पडतं आणि नवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. एसईलिनक्सचीच दुसरी खोड म्हणजे एकाच फाइलीत 'एसईलिनक्स' आणि 'एसईलिनक्सटाइप' अशा दोन जुळ्या ओळी. 'डिसेबल्ड' हा शब्द पहिलीऐवजी दुसरीत लिहिला की त्या नावाची पॉलिसी सापडत नाही आणि बूट तिथेच गोठतो. कर्नलच्या ओळीत 'एन्फोर्सिंग=०' दिलं की सुटका होते, पण ते त्या क्षणी आठवायला हवं.

सीक्युअर बूट आणि यूईएफआयबद्दल मला फारसं प्रेम नाही, आणि त्याला कारणं आहेत. बूटचा पत्ता आता मदरबोर्डवरच्या चिपमध्ये जातो आणि ती चिप ऑपरेटिंग सिस्टिमला लिहिता येते. २०१३ मध्ये काही सॅमसंग लॅपटॉप लिनक्सच्या एका ड्रायव्हरमुळे कायमचे बंद पडले. २०१६ च्या सुरुवातीला उघड झालं, की काही लॅपटॉपांवर सगळ्या फाइली उडवणारी 'आरएम' आज्ञा चालवली तर डिस्कबरोबर फर्मवेअरचे व्हेरिएबलही पुसले जातात आणि मग यूएसबीवरूनही काही उठत नाही. कर्नलवाल्यांनी ४.५ आवृत्तीपासून ती व्हेरिएबलं सहज न पुसता येणारी केली. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० चं डाउनलोड मागे घ्यावं लागलं, कारण एक ड्रायव्हर लेनोवोच्या काही लॅपटॉपांचा बायोस बिघडवत होता.

मग १३ ऑगस्ट २०२४. मायक्रोसॉफ्टच्या मासिक अपडेटने जुन्या शिमवर बंदी घालणारी यादी फर्मवेअरमध्ये लिहिली. विंडोजबरोबर लिनक्स असलेल्या मशीनवर ती लागणार नाही असं सांगितलं होतं. बऱ्याच मशीनवर लागली आणि तिथे लिनक्स उठेना. दुरुस्तीसाठी ठेवलेले जुने लाइव्ह यूएसबीही त्याच यादीत अडकले, म्हणजे घर आणि शिडी दोन्ही एकदमच गेली. या विषयाचा पुढचा मुक्काम ठरलेला आहे. शिमवर सही करणारं मायक्रोसॉफ्टचं २०११ चं प्रमाणपत्र जून २०२६ पर्यंतच्याच मुदतीचं. मुदत संपल्याने आधी सही झालेले शिम सहसा बंद पडत नाहीत, कारण फर्मवेअर साधारणपणे तारीख पाहत नाही. पण नवे शिम २०२३ च्या प्रमाणपत्राने सही होऊन येतात आणि ते प्रमाणपत्र फर्मवेअरमध्ये नसेल तर उठत नाहीत. आपल्या मशीनांत कोणती प्रमाणपत्रं आहेत हे पाहून ठेवणं हे आता देखभालीच्या यादीतलं काम झालं आहे.

इतर युनिक्स घराण्यांत हा प्रश्न आधीपासून जास्त शहाणपणाने हाताळला गेला, असं माझं मत आहे. फ्रीबीएसडीवर नवं कर्नल घालताना जुनं आपोआप 'कर्नल डॉट ओल्ड' म्हणून बाजूला राहतं आणि लोडरमधून ते निवडता येतं. 'नेक्स्टबूट'ने नवं कर्नल फक्त एकाच बूटपुरतं लावता येतं. झेडएफएसवर बूट एन्व्हायर्न्मेंट असतात: अपडेटच्या आधी पूर्ण रूटची स्वस्त प्रत, बिघडलं तर मेनूतून मागची निवडा. सोलारिसमधून आलेली ही कल्पना फ्रीबीएसडीत 'बीईसीटीएल' या हत्यारासकट १२.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून मूळ सिस्टिममध्ये आहे. तिथेही एक सापळा आहे. पूल नव्या फीचरांसाठी 'झेडपूल अपग्रेड' केला आणि डिस्कवरचा बूटकोड जुनाच ठेवला, तर तो बूटकोड आपलाच पूल वाचू शकत नाही. आज्ञा स्वतः तशी ताकीद छापते. ती वाचायला थांबतो कोण?

लिनक्समध्ये ही वाट प्रथम नीट चालली सुसे मंडळींनी. २०१४ च्या ओपनसुसे १३.२ पासून बीटीआरएफएस आणि स्नॅपर मिळून ग्रबच्या मेनूतच जुने स्नॅपशॉट दाखवतात. हे उत्तम आहे, फक्त स्नॅपशॉट कशाचा नाही हे लक्षात ठेवावं लागतं. '/बूट' वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ती मागे जात नाही. रूट महिन्यापूर्वीची, कर्नल आजचं, आणि त्या कर्नलची मॉड्युलं रूटवर नाहीत. क्रोमओएसने आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फोनांनी हा प्रश्न आणखी निर्धाराने सोडवला: सिस्टिमच्या दोन प्रती, अपडेट नेहमी बंद प्रतीवर, आणि नवी प्रत नीट उठल्याची खूण झाली तरच तिच्यावर मुक्काम, नाहीतर आपोआप मागे. सिस्टिमडी-बूटमध्येही अशी मोजणी आहे. मेनूच्या फाइलीच्या नावात उरलेले प्रयत्न लिहिलेले असतात, दर फसलेल्या बूटला एक कमी होतो, आणि संपले की ती नोंद मागे ढकलली जाते. खिशातला फोन या बाबतीत कित्येक कंपन्यांच्या डेटाबेस सर्व्हरपेक्षा पुढे आहे.

ग्रबवाल्यांनाही थोडीफार अशी सोय करता येते. 'ग्रब-रीबूट'ने नवं कर्नल एका बूटपुरतं निवडायचं आणि त्याच्या ओळीत 'पॅनिक=३०' घालायचं. पॅनिक झालं तर ३० सेकंदांनी मशीन स्वतः रीबूट होऊन जुन्या कर्नलवर येतं. दूरच्या डेटा सेंटरमधल्या मशीनसाठी ही युक्ती सोन्याच्या मोलाची. मात्र 'ग्रबएन्व्ह' ही फाइल एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेडवर असेल तर ग्रबला ती वाचता येते, लिहिता येत नाही. मग 'एका बूटपुरतं' ही खूण पुसलीच जात नाही आणि मशीन त्याच पॅनिकमध्ये फिरत राहतं.

रीबूट टाळण्याचं तंत्रही बरंच पुढे गेलं. चालू कर्नललाच पॅच लावणारं केस्प्लाइस २००८ मध्ये आलं, २०११ मध्ये ओरॅकलने ते घेतलं, आणि २०१५ च्या लिनक्स ४.० मध्ये लाइव्हपॅचिंगचा पाया मूळ कर्नलमध्येच बसला. सुरक्षेच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. उठण्याच्या दृष्टीने ती उधारी आहे. दर महिन्याला होणारा रीबूट वर्षावर गेला, की वर्षभरात एफएसटॅबला, ग्रबला, नेटवर्कला झालेले बदल एकाच रात्री तपासले जातात. त्यातला दोषी कोणता आणि तो बदल कोणी केला हे सांगणारा माणूस तोवर नोकरी बदलून गेलेला असतो.

शनिवारी रात्री हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसून परदेशातल्या ग्राहकांचे सर्व्हर पॅच करणाऱ्या टीमांना ही रात्र चांगली माहीत आहे. चार तासांची विंडो, पॅच लावले, रीबूट दिला, पिंग परत येईना. ब्रिज कॉलवर पहिला प्रश्न येतो: 'पॅचमुळे झालं का?' उत्तर कोणाकडेच नसतं, कारण पॅचच्या आधी मशीन उठलं असतं की नाही हेच माहीत नसतं. यावरचा उपाय बऱ्याच टीमा करतात आणि बऱ्याच मॅनेजरांना तो पटत नाही: पॅच लावण्याआधी एक रीबूट. तो फसला तर दोष जुना आहे हे सिद्ध होतं, आणि रोलबॅकच्या नावाखाली निरपराध पॅकेजं काढत बसावं लागत नाही. 'एकाच विंडोत दोन रीबूट कशाला' या प्रश्नावर बैठकीत वेळ जातो. माझ्या मते जुन्या, फार दिवस न थांबलेल्या मशीनवर तो पहिला रीबूट दुसऱ्यापेक्षा महत्त्वाचा. एक्सटी४ असेल तर त्यातही लांबलेला एफएससीके निघू शकतो. ठरावीक दिवसांनी तपासणी करण्याची सक्ती नव्या डिफॉल्टमध्ये नसली, तरी जुन्या फाइलसिस्टिमवर ती टिकून असते, आणि मोठ्या डिस्कवर तिला तास लागतात. त्या तासांत पडद्यावर काय चाललं आहे ते दिसायला कन्सोल हवा. तो चालतो का, त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे विंडो उघडण्याच्या आधी पाहायचं. एसएसएच हा कन्सोल नव्हे, बूट फसल्यावर तो नसतोच.

क्लाउडवाले म्हणतील की मशीन जपत कशाला बसायचं, बिघडलं की फेकून इमेजवरून नवं उठवा. ज्यांच्याकडे खरोखर तशी रचना आहे त्यांचं बरोबर आहे. बाकीच्यांकडे एक 'गोल्डन इमेज' असते, दर महिन्याला तीत पॅच घातले जातात, आणि घातल्यानंतर ती एकदा तरी उठवून पाहिली का याचं उत्तर पाइपलाइनमध्ये नसतं.

बॅकअपचं तसंच. फाइलींचा बॅकअप म्हणजे मशीनचा बॅकअप नाही. त्यात डिस्कचा पहिला सेक्टर नसतो, फर्मवेअरमधली बूटची नोंद नसते, आणि नव्या डिस्कवर फाइलसिस्टिम बनवली की यूयूआयडी नवे होतात. परत आणलेल्या एफएसटॅबमध्ये आणि ग्रबच्या मेनूत मात्र जुनेच राहतात. हे सगळं टिपून ठेवणारं रिलॅक्स-अँड-रिकव्हरसारखं साधन आहे. ते नसेल तर हातानेच करायचं: लाइव्ह यूएसबीवरून उठायचं, रूट जोडायची, वेगळी '/बूट' आणि ईएसपी असतील तर त्याही जोडायच्या, '/डेव्ह', '/प्रॉक', '/सिस' आणि '/रन' आत बांधून 'सीएचरूट' करायचं, 'बीएलकेआयडी'ने नवे यूयूआयडी पाहून एफएसटॅब सुधारायची, मग इनिट्रामएफएस नव्याने, मेनू नव्याने, आणि शेवटी ग्रब, जितक्या डिस्क असतील तितक्यांवर.